वाघाचं मागून बघू, आधी बाजा घ्या

पत्र :

काकू, आमचं घर कळंब तालुक्यात, गावापासून दीड किलोमीटरवर शेतात आहे. मी, मालक, सासूबाई, सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. येडशीच्या डोंगरात वाघ आल्याचं ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. रोज मोबाईलवर वाघाचे नाहीतर बिबट्याचे व्हिडिओ येतात. मालकांना रात्रीच्या लाईटीवर उसाला पाणी द्यायला जावं लागतं. ते येईपर्यंत मी कडी लावून जागी बसते. उकाड्यामुळं सासूबाई दोन्ही लेकरांना घेऊन पडवीत खाली वाकळ टाकून झोपतात, त्यानं तर आणखीच धाकधूक. मी म्हणते, कळंबला भाड्यानं खोली घेऊ. मालक म्हणतात, मग जनावरं कुणी बघायची? त्यापेक्षा पस्तीस-चाळीस हजार घालून घराला जाळीचं कुंपण करू. सासूबाई म्हणतात, यायचं ते कुठं बी येतंय. तुम्ही इतकी वर्षं दवाखान्यात काढली. खरं सांगा, माणसाला सगळ्यात जास्त धोका कोणत्या प्राण्याचा? आणि आम्ही शेत सोडावं का?

— एक शेतकरी बाई, जि. धाराशिव

उत्तर :

तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. माझी थोरली तुझ्याच वयाची असेल.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाघापाशी थांबले. दुसऱ्यांदा ज्या ओळीपाशी थांबले तिच्यात वाघ नव्हता. ‘सासूबाई दोन्ही लेकरांना घेऊन पडवीत खाली वाकळ टाकून झोपतात.’ उकाड्याचं कारण देऊन तू ती ओळ सहज लिहून गेलीस. बत्तीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळ्या केलेल्या बाईला विचारशील, तर तुझ्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच.

आपल्याकडं दिवे लागल्यावर कुणी सापाचं नाव घेत नाही. ‘जनावर निघालं’ म्हणतात, ‘लांबडं दिसलं’ म्हणतात. चावला तर ‘पान लागलं’. गाय-म्हैस जनावर, कुत्रं जनावर, वाघही जनावरच. पण अंधारात नुसतं ‘जनावर!’ असं कुणी ओरडलं की पोरसोर पाय वर घेतात. कुणीही वाघ शोधायला शिवाराकडं बघत नाही, सगळे भुईकडं बघतात. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आपल्या म्हाताऱ्यांनी बोलण्यातच देऊन ठेवलंय.

आकडे सांगते, कारण तुझे मालक आकड्याशिवाय ऐकणारे दिसत नाहीत. वाघाच्या हल्ल्यात सबंध देशात वर्षाला पन्नास ते शंभर-सव्वाशे माणसं जातात. साप चावून २००० ते २०१९ या वीस वर्षांत बारा लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यातली निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मरणारे बहुतेक खेड्यातले, तुझ्या-माझ्यासारख्यांच्या घरातले. यांचे व्हिडिओ कुणी पाठवत नाही.

आता पडवीचं. आषाढातली पहाट होती, पाचचा सुमार. एक माणूस मोटरसायकलवर सहा वर्षांचं पोरगं पुढ्यात धरून आला. म्हणे रात्री भजी खाल्ली, पोटात दुखतंय, जंताचं औषध द्या. पोरगं रडत नव्हतं. मी त्याच्यासमोर बसले तर त्यानं माझ्याकडं बघायला हनुवटी वर केली, मान मागं टाकली आणि पापण्यांच्या फटीतून बघितलं. बाप म्हणाला, झोप झाली नाही त्याची. मी दोन बोटं धरली, किती दिसतात विचारलं. ते ‘चार’ म्हणालं, आणि तेही नाकातून. तोंडात लाळ साठली होती, गिळता येत नव्हती. अंगावर चावल्याची खूण शोधून सापडली नाही. मग मी एकच विचारलं, झोपला कुठं होता? ‘खाली. आजीपाशी.’

मण्यार होती. ती रात्रीच फिरते, भुईवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते आणि चावते ते मुंगी चावल्याइतकंही कळत नाही. ना सूज, ना रक्त. दोन-चार तासांनी पोटात दुखतं, घसा धरतो, पापण्या जड होतात, मग श्वास थांबतो. डॉक्टरांनी सापाच्या विषावरची लस सुरू केली, नळी घातली आणि आम्ही अंबाजोगाईला निघालो. सव्वा तासाच्या वाटेवर त्या पोराचा श्वास म्हणजे माझ्या हातातला रबरी फुगा. तीन सेकंदाला एक दाब. खड्डा आला तरी हात थांबवायचा नाही. माझा अंगठा पुढं दोन दिवस दुखत होता, म्हणून लक्षात राहिलं. चौथ्या दिवशी पोरानं डोळे उघडले. घरच्यांना तोवर वाकळेच्या घडीत मण्यार सापडली होती.

म्हणून पहिलं काम. कुंपणाच्या पैशातून तीन बाजा घ्या, लोखंडी चौकटीच्या, नवार पट्टीच्या. प्रत्येकीवर मच्छरदाणी, आणि तिच्या कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचलेल्या. लोंबती मच्छरदाणी असून नसून सारखी. बाज भिंतीपासून हातभर दूर, पांघरूण भुईला टेकता कामा नये. तुम्हांला उकाड्याचं पडवीत झोपायचंय ना, खुशाल झोपा. फक्त भुईवर नको.

पडवीला लागून काय आहे ते तू लिहिलं नाहीस, पण मी सांगते : सरपण, गोवऱ्या, तुराट्यांच्या पेंढ्या आणि कोंबड्यांचं खुराडं. बरोबर ना? हे सगळं घरापासून वीस-पंचवीस पावलं लांब न्या. धान्य आणि कोंबड्यांच्या पिलांपायी उंदीर येतात, उंदरामागं साप येतो. सापाला तुमच्याशी काही देणं-घेणं नाही, त्याचा हिशोब उंदराशी आहे. गोवऱ्या काढताना आधी काठीनं हलवायच्या, मग हात घालायचा. हा नियम विंचवालाही लागू.

चावलाच तर काय करायचं, हे घरात सगळ्यांना पाठ पाहिजे. आवळून दोरी बांधायची नाही. ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, लिंबाचा पाला चावून कडू लागतो का बघत बसायचं नाही. हाताला चावला असेल तर बांगड्या-अंगठी, पायाला असेल तर जोडवी-पैंजण आधी काढायची, कारण घोणस चावली की अवयव असा सुजतो की जोडवी कापून काढावी लागतात. मी काढलीत. चावलेला हात-पाय फळी लावून हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही आणि १०८ ला फोन लावायचा. गाडीला उशीर असेल तर मोटरसायकलवर मध्ये बसवून न्यायचं. साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही. आमच्या टेबलावर लोकांनी पिशव्या उघडून ठेवल्यात, त्यातल्या एकीतला साप अर्धवट जिवंत होता. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांना लस एकच आहे. आणि लेकराला ती मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण साप चावताना वय बघून विष कमी घालत नाही. ‘लहान आहे, कमी द्या’ असा हट्ट धरणारे आजोबा मी पाहिलेत.

आणि देवळात न्यायचं नाही. देवाला नंतर नारळ फोडा. साप चावलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना बिनविषारी साप चावलेला असतो, किंवा विषारी सापानं विष सोडलेलंच नसतं. ती माणसं मंत्रानंही बरी होतात आणि चहानंही. मांत्रिकाचं नाव त्यांच्यावर चालतं. ज्याच्यात विष गेलंय त्याचा तास मात्र तिथं जातो.

एक काम येत्या बाजाराच्या दिवशीच करून टाक. तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन विचार : सापाची लस आत्ता शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का, श्वासाचं मशीन कुठं आहे. लाजू नकोस. कळंबहून अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय लांब नाही, धाराशिवलाही आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालंय. कुठं जायचं हे रात्री दोन वाजता ठरवायला बसलं की पाच जणांची पाच मतं निघतात.

विंचवाचं थोडक्यात सांगते. चावल्या जागी नुसती आग होत असेल तर माणूस ओरडतो, पण वाचतो. आग कमी आणि घाम जास्त, हातपाय गार, उलट्या, असं झालं की तो लाल विंचू समजायचा आणि पळायचं, लेकराच्या बाबतीत तर आधी पळायचं. यावर औषध आहे, प्राझोसिनच्या गोळ्या. रक्तदाबावरचं हे साधं औषध लाल विंचवाच्या विषावर चालतं हे ज्यांनी महाडकडं काम करताना दाखवून दिलं, ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पूर्वी लाल विंचवानं गंभीर झालेल्या शंभरातले चाळीस दगावायचे, आता एखादाच. जगानं दखल घेतली, पण आपल्याच गावात अजून विंचवाला मंतरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता उरलेलं निम्मं उत्तर. तू ‘माणसाला’ सगळ्यात जास्त धोका कुणाचा, असं विचारलंस. सगळ्या जगाचा हिशोब मांडला तर साप नाही, वाघ तर नाहीच. पहिला नंबर डासाचा. एकट्या हिवतापानं जगात वर्षाला सहा लाखांच्या आसपास माणसं मरतात, त्यातली बहुतेक आफ्रिकेतली लहान लेकरं. हिवताप डासातून पसरतो याचा पुरावा सापडला तो लांब कुठं परदेशात नाही. २० ऑगस्ट १८९७ ला रोनाल्ड रॉस या डॉक्टरला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले ते सिकंदराबादला. तेव्हा तुमचं कळंबही त्याच निजामाच्या राज्यात होतं.

आपल्याकडं हिवतापाचे बळी आता फार थोडे उरलेत. आपला डास वेगळा, डेंगीचा. तो दिवसा चावतो आणि त्याला घाण पाणी लागत नाही, स्वच्छच लागतं. इथं मराठवाड्याचं दुखणं आडवं येतं. आठ-आठ दिवसांनी नळ, मग घरात टाक्या, बॅरल, रांजण, हंडे भरून ठेवायचे. आपण तहानेपायी साठवतो आणि डास त्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायचा : सगळं रिकामं करायचं. आणि नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून कोरड्यात महिनोन् महिने तग धरतात. काथ्यानं घासावं लागतं. उन्हाळ्यात टँकरचं पाणी ओतून द्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही, तेव्हा ते फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या, टाकीला घट्ट झाकण बसवा आणि गुरांच्या हौदात गप्पी मासे सोडा. मासे आरोग्य केंद्रात मागितले तर मिळतात. कोठ्यामागं टाकलेलं जुनं टायर असेल तर आजच भंगारात घाल.

म्हणजे बघ, पाच-सहाशे रुपयांची मच्छरदाणी. तिच्यात मण्यारही शिरत नाही आणि रात्रीचे डासही. एवढा दुहेरी फायदा चाळीस हजारांच्या कुंपणातही नाही.

कुत्र्याबद्दल तू अवाक्षर लिहिलं नाहीस. शेतातल्या वस्तीवर कुत्रं नाही असं होत नाही. साप चावलेला माणूस आम्ही वाचवू शकतो. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा अंगात उठला की जवळजवळ कुणीच वाचवू शकत नाही. आमच्या वॉर्डात असे तीन जण मी पाहिले. चौथा बघायची वेळ आली नाही हे माझं नशीब. पाण्याचा पेला तोंडाशी नेला की गळा आखडतो. जास्त सांगत नाही.

यातली गंमत म्हणा, दुर्दैव म्हणा, हा मृत्यू पूर्ण टाळता येतो. चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून पंधरा. चुना, हळद, मिरचीपूड काहीही नाही. त्याच दिवशी लस, आणि जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत भरायचं वेगळं इंजेक्शनही मागून घ्यायचं. बेंबीभोवतीची ती चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली, आता दंडात चार-पाच वेळा. पण शेवटच्या डोसापर्यंत. दोन घेऊन कापूस वेचायला गेलेले लोक आहेत.

लेकरं मात्र सांगत नाहीत. पिल्लाशी खेळताना दात लागला तर आई मारेल म्हणून बाही खाली ओढतात. तुझ्या दोघांना आजच बसवून सांग : कुत्रं, मांजर, माकड, काहीही चावलं आणि लगेच सांगितलं तर मार नाही, उलट खाऊ. आणि हा शब्द पाळ. एकदा मारलंस तर पुढच्या वेळी सांगणार नाहीत. घरच्या कुत्र्याला दर वर्षी लस टोच, गुरांच्या दवाखान्यात मिळते.

आता तुझा वाघ. खोटी भीती आहे असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या शेवटी येडशी रामलिंगच्या अभयारण्यात खरोखरच वाघ कॅमेऱ्यात आला, तोही यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आलेला. केवढी वाट! २०२० साली बीडच्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा कापूस वेचायला बायका जात नव्हत्या. तेव्हा सावध राहायचंच. शेळ्या आणि वासरं दार असलेल्या बंद कोठ्यात, कारण बिबट्या वस्तीवर येतो तो बहुधा त्यांच्यासाठी आणि कुत्र्यासाठी. लेकरांना तिन्हीसांजेला उसाच्या कडेला एकटं बसू द्यायचं नाही. वाकून बसलेलं लहान लेकरू त्याला माणूस वाटत नाही. कुंपणाचे पैसे घालायचेच असतील तर कोठ्याच्या दाराला आणि संडासाच्या दिव्याला घाला. उसाच्या फडाशेजारी जाळीच्या कुंपणानं बिबट्या थांबेल असं मला वाटत नाही. साप तर त्या जाळीखालून आरामात येईल.

व्हिडिओंचं एक सांगते. २०२१ च्या डिसेंबरात माजलगाव तालुक्यात लवूळला वानरांनी कुत्र्याची पिल्लं उचलून झाडांवर, घरांवर नेल्याची बातमी जगभर गेली. अडीचशे पिल्लं मारली, माकडं सूड घेताहेत, इथपर्यंत. वनखात्यानं शेवटी दोन वानरं पकडली. अडीचशेचा आकडा कुणी मोजला होता ते गावातल्या लोकांनाही सांगता येईना. तुझ्या मोबाईलवरचा बिबट्या कुठल्या जिल्ह्यातला, कुठल्या सालातला, हे पाठवणाऱ्याला एकदा विचारून बघ.

मालकांची रात्रीची पाळी हा मात्र खरा प्रश्न आहे, आणि तो वाघापेक्षा घोणशीचा जास्त आहे. उसाच्या सरीत, ओल्या दांडाला ती वेटोळं करून पडलेली असते. कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, पण पाण्याच्या आवाजात ऐकू येत नाही. त्यांना गुडघ्यापर्यंतचे गमबूट घेऊन दे, चपलेवर जाऊ देऊ नकोस. हातात काठी, आणि बॅटरी डोक्याला बांधायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे. मोबाईलचा उजेड पावलापुरताही पुरत नाही. काठी आपटत, मोठ्यानं बोलत किंवा गात जायचं : काठीच्या हादऱ्यानं साप सरकतो, आवाजानं बिबट्या. रात्रीचं जाणंच थांबवायचं असेल तर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अर्ज करा. शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीला पाच. दिवसा पाणी, रात्री झोप. कुंपणाचे पैसे तिथं वळवा म्हणावं, हा मुद्दा त्यांना पटेल.

जाता जाता एक सरकारी हिशोब, जो मला कधीच पटला नाही. वाघ-बिबट्यानं माणूस मारला तर वनखातं पंचवीस लाख देतं. साप त्या यादीत नाही. शेतकरी साप चावून गेला तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून दोन लाख, तेही पंचनामा आणि शवविच्छेदन झालं असेल तर. मरणाची भीती सरकारलाही मोठ्या जनावराचीच वाटते, असं दिसतं.

शेत सोडू नका. कळंबच्या भाड्याच्या खोलीत डेंगीचा डास आहे, गल्लीत कुत्री आहेत, आणि मालक रात्री पाण्याला शेतातच येणार, फक्त घरातून निघण्याच्या जागी कळंबहून, जास्त अंधारातून. तुझी धाकधूक कमी होणार नाही, लांबून वाढेल.

राहिल्या सासूबाई. त्या बाजेवर झोपणार नाहीत, हे मी तुला आधीच सांगते. ‘कंबर धरते’ म्हणतील, ‘जल्म गेला भुईवर’ म्हणतील. वाद घालू नकोस आणि माझं पत्र वाचूनही दाखवू नकोस. बाज आणली की पडवीत टाक, मच्छरदाणी लाव आणि नातवाला तिच्यात झोपव. तो रात्री आजीला हाक मारेल, ‘आज्जे, वर ये, एकट्याला भ्या वाटतंय.’ पहिल्या रात्री त्या त्याला निजवून खाली उतरतील. दुसऱ्या रात्रीही उतरतील. तिसऱ्या रात्री उतरल्या की नाही, ते मला कळव. आणि ती वाकळ रोज सकाळी उन्हात झटकून, घडी करून दांडीवर टाकत जा.